15 वर्षांचा मुलगा स्टॉपर खेळतो: व्यावसायिक बचावपटूच्या कारकिर्दीचा विचार कसा करावा?

कोल्हापुरातील एका पालकांचा प्रश्न आहे. त्यांचा 15 वर्षांचा मुलगा शाळेकडून आणि पेठेतील संघाकडून फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा बचावपटू, म्हणून खेळतो. त्याची उंची सध्या 5 फूट 7 इंच आहे. ‘या उंचीत बचावात भवितव्य नाही, शिवाय नाव आणि पैसा गोल करणाऱ्यालाच मिळतो, तेव्हा त्याला पुढे, आघाडीवर खेळवा’ असा सल्ला त्यांना मिळाला आहे. व्यावसायिक बचावपटूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते, ती किती वर्षे टिकते, तिच्यावर घर चालते का आणि दहावीनंतर शिक्षणाचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. मी स्वतः बचावफळीत व्यावसायिक फुटबॉल खेळलो आहे आणि आता याच जागेवरच्या मुलांना शिकवतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मुलाला स्टॉपरची जागा मनापासून आवडत असेल, तर ती बदलू नका. बचावपटू उशिरा पिकतो आणि पिकल्यावर बराच काळ टिकतो. त्यामुळे 15व्या वर्षीची उंची, 17व्या वर्षीची निवड किंवा 19व्या वर्षीचा करार यांवरून त्याच्या कारकिर्दीचा निकाल लावणे चुकीचे ठरते. पुढे जे लिहिणार आहे, ते सारे याच एका गोष्टीभोवती फिरते.

प्रथम उंचीबद्दल. व्हर्जिल वॅन डाइक आज उंच आणि धिप्पाड स्टॉपरचा नमुना मानला जातो, पण नेदरलँड्समधील विलेम टू या क्लबच्या युवा संघात असताना तो बेताच्या उंचीचा होता, बचावफळीच्या उजव्या बगलेवर खेळायचा आणि कोणाच्या विशेष डोळ्यांत भरत नव्हता. 17व्या वर्षाच्या आसपास त्याची उंची झपाट्याने वाढली. त्या काळात तो ब्रेडा शहरातील एका उपाहारगृहात भांडी घासण्याचे कामही करत होता. 2010 मध्ये त्याच देशातील ग्रोनिंगेन क्लबने त्याला घेतले, तेथून तो 2013 मध्ये सेल्टिककडे आणि 2015 मध्ये साउदॅम्प्टनकडे गेला. त्याच वर्षी, म्हणजे वयाच्या 24व्या वर्षी, तो राष्ट्रीय संघाकडून पहिला सामना खेळला आणि जानेवारी 2018 मध्ये लिव्हरपूलने त्याच्यासाठी 7.5 कोटी पौंड मोजले. 15व्या वर्षी त्याला पाहून ‘याला पुढे खेळवा’ म्हणणारे किती जण भेटले असतील, याची कल्पना करता येते.

आता समजा, मुलाची उंची फारशी वाढलीच नाही. इटलीचा फाबियो कान्नावारो जेमतेम पावणेसहा फुटांचा होता. तरीही 2006 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली इटलीने विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी त्याला जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिला जाणारा बॅलन डी’ऑर मिळाला, तेव्हा त्याने वयाची 33 वर्षे पूर्ण केली होती. अर्जेंटिनाच्या 2022च्या विश्वविजेत्या संघातील लिसांद्रो मार्टिनेझही त्याच उंचीचा आहे. कमी उंचीच्या स्टॉपरला उडीची वेळ, चेंडूच्या मार्गाचा अंदाज आणि समोरच्याशी हवेत जाण्याआधीच शरीराने जागा धरणे या गोष्टी अधिक काटेकोरपणे शिकाव्या लागतात. ते कष्टाचे काम आहे, पण अशक्य मुळीच नाही.

परदेशातील उदाहरणे दूरची वाटत असतील, तर मुंबईकर राहुल भेके यांची कारकीर्द पाहा. डिसेंबर 1990 मध्ये जन्मलेला हा खेळाडू मुंबई, कोलकाता, केरळ आणि पुणे येथील संघांमधून खेळत 2017 मध्ये बेंगळुरू एफसीकडे आला. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर देशातील अव्वल स्पर्धेचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा (आयएसएल), अंतिम सामना एफसी गोवाविरुद्ध गोलशून्य बरोबरीत अडकला होता. जादा वेळही संपत आली असताना मिळालेल्या कॉर्नरवर भेके यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि बेंगळुरूने पहिल्यांदा ती स्पर्धा जिंकली. भारतीय संघाकडून पहिला सामना त्यांना त्यानंतर, त्याच वर्षीच्या जूनमध्ये थायलंडमधील किंग्ज कपमध्ये मिळाला. तेव्हा ते 28 वर्षांचे होते. एप्रिल 2022 मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता आणि त्यातील निर्णायक गोलही भेके यांच्याच डोक्यातून आला. मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला नमवून मुंबई सिटीने आयएसएलचा करंडक उचलला, तेव्हा ते संघाचे कर्णधार होते आणि त्यांचे वय 33 होते. भारतात 28व्या वर्षापर्यंत राष्ट्रीय संघाचे बोलावणे न आलेला आघाडीचा खेळाडू बहुधा आशा सोडून देतो, बचावपटूने मात्र तसे करण्याचे कारण नसते.

असे का होते, हे समजून घेतले तर मुलाच्या प्रशिक्षणाकडे पाहण्याची तुमची दृष्टी बदलेल. स्टॉपरचे खरे काम चेंडू त्याच्याकडे येण्यापूर्वीच घडते. प्रतिस्पर्ध्याचा मधल्या फळीतील खेळाडू विरुद्ध बाजूच्या रेषेजवळ चेंडू घेऊन उभा आहे, असे समजा. चांगला स्टॉपर त्या क्षणी चेंडूकडे तोंड करून सरळ उभा राहत नाही. तो अंग अर्धे वळवून उभा राहतो, जेणेकरून चेंडू आणि आपला माणूस दोन्ही नजरेत राहतील आणि मागे धावायची वेळ आली तर वळण्यात एक पाऊलही वाया जाणार नाही. दर दोन-तीन सेकंदांनी तो खांद्यावरून मागे पाहतो. चेंडू असलेल्या खेळाडूवर कोणी दबाव टाकत असेल आणि त्याची मान खाली असेल, तर लांब पास येण्याची शक्यता कमी असते, म्हणून फळी दोन पावले वर सरकते. तोच खेळाडू मोकळा असेल, त्याने मान वर करून पाय मागे घेतला असेल, तर पास सुटण्यापूर्वीच फळी मागे सरू लागली पाहिजे. हा निर्णय चौघांनी एकाच क्षणी घ्यायचा असतो आणि तो एकाने ओरडून सांगायचा असतो. ‘स्टेप’ (वर सरका), ‘ड्रॉप’ (मागे या), ‘मॅन ऑन’ (माणूस अंगावर आला) हे मैदानावर सतत ऐकू येणारे शब्द त्यासाठीच असतात. जो स्टॉपर मुका खेळतो, त्याच्या शेजारी खेळणाऱ्याला दोघांचे काम करावे लागते.

हे ज्ञान पुस्तकातून येत नाही आणि केवळ व्यायामाने तर मुळीच येत नाही. शेकडो सामन्यांत शेकडो प्रकारचे आघाडीपटू अंगावर घेतल्यावरच ते अंगी मुरते. स्टॉपरचा उत्तम काळ साधारणपणे 26 ते 32 या वयात येतो, त्याचे कारण हेच आहे. पायांचा वेग थोडा उतरू लागतो, पण खेळ वाचण्याची शक्ती वाढतच असते आणि काही वर्षे तरी दुसरी गोष्ट पहिलीची भरपाई करते. साइड-बॅकचे, म्हणजे बगलेवरच्या बचावपटूचे, तसे नसते. त्याला सतत वर-खाली धावावे लागते, त्यामुळे त्याच्या वेगाला ओहोटी लागली की ती लगेच दिसते. म्हणून अनेक बचावपटू तरुणपणी बगलेवर खेळून पुढे मध्यभागी येतात. इटलीचे पाओलो माल्दिनी यांनी जानेवारी 1985 मध्ये, वयाच्या 16व्या वर्षी, एसी मिलानकडून पहिला लीग सामना खेळला, ते प्रामुख्याने डावे बॅक म्हणून नावारूपाला आले आणि नंतरची वर्षे मध्यभागी खेळत 2009 पर्यंत, म्हणजे चाळिशीपर्यंत, टिकले. मिलानसाठी 902 सामने आणि पाच युरोपियन अजिंक्यपदे ही त्यांची मिळकत. भेके यांनीही बेंगळुरूत उजव्या बगलेवर बराच काळ घालवला आणि पुढे ते मध्यभागी स्थिरावले. तुमच्या मुलाला कोणी अधूनमधून साइड-बॅक खेळवले, तर ती पदावनती समजू नका. पुढच्या आयुष्यात ती जागा त्याच्या उपयोगी पडेल.

बचावपटूचे गोल हा पालकांच्या नजरेतून सुटणारा विषय आहे. 2018च्या आयएसएल अंतिम सामन्यात चेन्नईयिनचा स्टॉपर मैल्सन आल्व्हेस याने कॉर्नरवरून डोक्याने दोन गोल केले आणि बेंगळुरूला त्याच्याच मैदानावर 3-2 असे हरवले. करार करताना क्लब या गोष्टीला वजन देतात. सरावानंतर थांबून कॉर्नरवर धाव केव्हा सुरू करायची याचा अभ्यास करणारा मुलगा आपली किंमत वाढवत असतो.

आता भारतातील परिस्थितीकडे वळतो, कारण घर चालते का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून सांगणे मला पटत नाही. 2021-22 पासून आयएसएलमध्ये एका वेळी मैदानावर जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू ठेवण्याचा नियम आला, म्हणजे उरलेले सात भारतीय असणे भाग पडले. परदेशी जागा बहुतेक संघ गोल करणाऱ्यांवर आणि मधल्या फळीवर खर्च करतात. एखादा परदेशी स्टॉपर असतोच, पण त्याच्या शेजारी आणि दोन्ही बगलांवर भारतीय लागतात. भारतीय आघाडीपटूच्या तुलनेत भारतीय बचावपटूला मैदानावर उभे राहण्याची संधी अधिक मिळते, ती यामुळे. ‘पुढे खेळवा’ हा सल्ला भारतापुरता तरी उलटाच आहे.

परंतु क्लब स्वतःच किती टिकेल, याची शाश्वती नाही. महिंद्रा युनायटेडसारखा बलाढ्य संघ 2010 मध्ये बंद झाला, पंजाबचा जेसीटी 2011 मध्ये गेला, पुण्यातील एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. 2025 च्या जुलैमध्ये तर प्रसारण व व्यापारी हक्कांच्या कराराचा तिढा न सुटल्याने खुद्द आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित ठेवण्यात आला आणि करारबद्ध खेळाडू घरी बसून राहिले. खेळाडूचा यात काडीचाही दोष नव्हता. म्हणून माझा ठाम आग्रह आहे, की बचावपटूने आपल्या कमाईची दहा-बारा वर्षे सलग मिळतील असे गृहीत धरून घर किंवा कर्ज यांचे नियोजन करू नये. मधली एक-दोन वर्षे कोरडी जातील, असे धरूनच चालावे. रेल्वे, पोलीस, सेनादले आणि काही सार्वजनिक उपक्रमांचे संघ यांतील नोकरीला आजकाल तरुण मुले कमी लेखतात. मला ते योग्य वाटत नाही. चांगला खेळत राहण्याची आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणण्याची सोय या नोकऱ्यांनी महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना करून दिली आहे.

क्लब निवडताना एकच कसोटी लावा: येत्या हंगामात मुलगा प्रत्यक्ष किती मिनिटे खेळेल? मोठ्या संघाच्या राखीव बाकावरचे दोन हंगाम आघाडीपटूला एखाद्या वेळी परवडतात, कारण शेवटची दहा मिनिटे मैदानात येऊनही तो गोल करून लक्ष वेधू शकतो. स्टॉपरला मात्र कोणताही प्रशिक्षक शेवटच्या दहा मिनिटांत सहसा बदलत नाही, कारण जुळलेली फळी कोणी मोडत नाही. त्यामुळे बाकावरचा स्टॉपर खरोखरच बाकावर राहतो आणि त्याचे शिकण्याचे वय निघून जाते. 18 ते 22 या वयात खालच्या श्रेणीत पूर्ण नव्वद मिनिटे खेळणे, हे नामांकित जर्सी घालून सराव करण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. वॅन डाइकने ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउदॅम्प्टन असा टप्प्याटप्प्याने प्रवास केला आणि प्रत्येक ठिकाणी तो नियमित खेळत राहिला, हे त्याच्या यशाचे मोठे कारण आहे, असे मला वाटते.

कराराबाबत पालकांना पुढील गोष्टी माहीत असल्याच पाहिजेत. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार 18 वर्षांखालील खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा असू शकत नाही. वैद्यकीय चाचणीत उत्तीर्ण झाला तरच करार वैध, अशी अटही घालता येत नाही. चाचणी सहीच्या आधी व्हायला हवी. दोन महिन्यांचा पगार थकला, तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन किमान 15 दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे मिळाले नाहीत तर योग्य कारणास्तव करार मोडायचा, हा त्याचा हक्क आहे. एजंट फिफाचा परवानाधारक आहे का, हे तपासा. अल्पवयीन मुलाशी करार करायचा, तर एजंटाला पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. मुलाला मैदानाबाहेर गाठून कागदावर सही घेणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे नकार द्या. आणि जन्मतारखेशी कधीही खेळ करू नका. वयोगटाच्या स्पर्धांत हाडांच्या वयाची तपासणी होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान मुलांमध्ये ताकदीच्या जोरावर जिंकण्याची सवय लागलेला स्टॉपर जागा धरण्याची कला शिकतच नाही.

शरीराविषयी बोलताना मला अधिक काळजी वाटते. गुडघा हा बचावपटूचा सर्वांत नाजूक भाग आहे. भारतीय संघाचे स्टॉपर संदेश झिंगन यांचा 2019-20चा संपूर्ण हंगाम गुडघ्याच्या अस्थिबंधाच्या दुखापतीत गेला. पुढे 2021 मध्ये ते क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेले, तेव्हाही दुखापतीने त्यांना तेथे एकही अधिकृत सामना खेळू दिला नाही. तरीही ते परतले आणि राष्ट्रीय संघाच्या बचावाचा कणा राहिले. अशी दुखापत झाली, की शस्त्रक्रियेनंतर साधारण नऊ महिने मैदान विसरावे लागते. सहाव्या महिन्यात पाय बरा वाटू लागतो आणि नेमकी तेव्हाच घाई होते. मुलाच्या मांड्यांचे मागचे स्नायू आणि उडीनंतर जमिनीवर उतरण्याची पद्धत यांवर आत्तापासून आठवड्यातून दोनदा काम करून घ्या.

हृदयाची तपासणी टाळू नका. अन्वर अली या तरुण स्टॉपरच्या हृदयात 2019 मध्ये दोष आढळला आणि त्याचा खेळ थांबला. वैद्यकीय सल्ला आणि न्यायालयीन लढा यांतून वाट काढत तो एफसी गोवाकडून पुन्हा मैदानात उतरला आणि जून 2022 मध्ये भारताकडून हाँगकाँगविरुद्ध त्याने गोलही केला. त्याचे प्रकरण वेगळे होते आणि प्रत्येकाला तशी परवानगी मिळेलच असे नाही. परंतु ईसीजी व इको तपासणीने दोष वेळीच कळतो आणि निर्णय डॉक्टरांच्या हाती राहतो, हे महत्त्वाचे.

आणि डोके. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. हा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 2021 मधील पुढच्या अभ्यासात खेळाच्या जागेनुसार पाहिले असता अशा आजारांचा सर्वाधिक धोका बचावपटूंना, जवळजवळ पाच पट, दिसला, तर गोलरक्षकांमध्ये तो सर्वसामान्यांइतकाच होता. जुन्या काळातील खेळाडूंचे हे आकडे आहेत, पण ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. 15 वर्षांच्या मुलाकडून रोज पन्नास-पन्नास लांब चेंडू डोक्याने मारून घेणारा प्रशिक्षक कितीही प्रेमळ असला, तरी त्याला थांबवा. हेडरचे, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचे, तंत्र हलक्या चेंडूने, जवळून फेकून आणि मोजक्या वेळा शिकवता येते. सामन्यात डोक्याला मार लागून भोवळ आली, तर त्या दिवशी मुलगा पुन्हा मैदानात जाता कामा नये, मग तो सामना कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा अंतिम सामना का असेना.

शिक्षणाचे उत्तर सोपे आहे: ते सोडू नये. इटलीचा जॉर्जो किएल्लिनी युव्हेंटसकडून खेळत असतानाच अर्थशास्त्रात पदवीधर झाला, त्याने पुढे व्यवसाय प्रशासनात पदव्युत्तर शिक्षणही पूर्ण केले आणि 2021 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, इटलीला युरो स्पर्धा जिंकून देणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. अभ्यासाने खेळ बिघडतो, हे मत मला कधीच पटलेले नाही. स्टॉपरकडे तर एकाग्रता, आखणी आणि बोलण्याची स्पष्टता लागतेच. दहावीनंतर कला किंवा वाणिज्य शाखा घेऊन खेळ सांभाळणे बऱ्याच मुलांना सोयीचे जाते, पण मुलाला विज्ञानाची ओढ असेल तर फिजिओथेरपीकडे जाणारी वाट खुली ठेवा. शिवाय निवृत्तीची वाट न पाहता पंचविशीतच प्रशिक्षकाचा पहिला परवाना घ्यावा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा ‘डी’, मग आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’ असा हा क्रम आहे आणि एकेक पायरी चढायला वर्षे लागतात. आयुष्यभर संपूर्ण मैदान समोर ठेवून खेळल्यामुळे बचावपटू प्रशिक्षणाच्या कामात लवकर रुळतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या गावाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. तालमींच्या संघांमधील चुरस आणि भरलेले स्टेडियम कोल्हापूरच्या मुलांना जे धैर्य देते, ते मुंबई-पुण्यातील अनेक अकादम्यांत मिळत नाही. अनिकेत जाधव याच मातीतून 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीवर पोहोचला. मात्र पेठेच्या सामन्यांत चेंडू दूर भिरकावून दिला की टाळ्या मिळतात आणि ती सवय स्टॉपरला पुढे नडते. आजचा प्रशिक्षक स्टॉपरकडून मधल्या फळीपर्यंत जमिनीवरून जाणारा नेमका पास मागतो. म्हणून येत्या वर्षभरात मुलाच्या कमकुवत पायावर सर्वाधिक वेळ द्या. त्याच्या काही सामन्यांचे चित्रण शक्य तितक्या उंचावरून, पूर्ण मैदान दिसेल असे करा. चेंडूमागे फिरणाऱ्या कॅमेऱ्यात स्टॉपरचे निम्मे काम दिसतच नाही. ते चित्रण त्याच्याबरोबर बसून पाहा आणि प्रत्येक गोलच्या दहा सेकंद आधी तो कोठे उभा होता, हे त्यालाच विचारा. 16व्या वर्षी निवड चाचणीला पाठवायचे ठरले, तर चाचणीच्या दिवशी तो आपल्याच जागेवर खेळेल, हे संयोजकांशी आधी बोलून निश्चित करून घ्या. अनोळखी मुलांच्या घोळक्यात आक्रमक मुले पुढच्या जागा बळकावतात, शांत मुले मिळेल तेथे उभी राहतात आणि चांगला स्टॉपर दिवसभर बगलेवर धावून न दिसताच परत येतो.